सायकलींची घंटी

शांती नगरात दशरथला सगळे 'खुर्चीवाले' म्हणत. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं, पण वेताच्या खुर्च्या विणण्यात त्याचा हात धरणारा मीरा रोडला दुसरा नव्हता. घरापासून दुकानापर्यंतची चारशे बारा पावलं तो सहा वर्षं पांढरी काठी टेकत एकटा जात होता. कुणी मदतीला धावलंच तर म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी येतोय मागून."

त्र्याण्णव साली एका सकाळी फुटपाथवर त्याच्या काठीला रेतीचा ढीग लागला. जवळच इमारत उभारणाऱ्या बिल्डरने आदल्या दिवशी तो ओतला होता. वळसा घालायला दशरथ रस्त्यावर उतरला आणि ढिगाच्या आडून पाववाल्या उत्तमची सायकल आली. पाव रस्ताभर झाले आणि दशरथचा उजवा हात मनगटात मोडला. तोच त्याचा विणायचा हात.

आठवड्याने भाईंदरच्या एका साप्ताहिकात बातमी आली. बायकोने, शैलाने, ती वाचून दाखवली: 'बेदरकार सायकलस्वाराने अंधाला उडवले.' खाली संपादकांचा सवाल होता, की अंधांनी एकट्याने रस्त्यावर यावेच कशाला? रेतीबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटचं अख्खं पान मात्र त्याच बिल्डरच्या जाहिरातीचं होतं.

"माझ्याबद्दल लिहिलं आणि मलाच कुणी विचारलं नाही?" दशरथचा संताप मावेना.

दुपारी उत्तम आला. जवळच्या मुर्धा गावचा हा गरीब माणूस दारातच उभा राहिला. बातमी वाचून बेकरीवाल्याने त्याला कामावरून काढलं होतं.

"उत्तम, तू घंटी का नाही वाजवलीस?"

"तुमी दिसलात की कदीच न्हाय वाजवत, दादा. घंटीवर हात धरून ठेवतो. दिसत न्हाय त्यांना, उगाच दचकतील म्हणून. समदेच सायकलवाले तसंच करतात."

दशरथला हसावं की रडावं कळेना. गेली सहा वर्षं सगळा रस्ता त्याच्या काळजीपोटी गप्प बसत होता, आणि हा शहाणा समजत होता की शांती नगरात सायकली फार कमी!

दुसऱ्या दिवशी तो साप्ताहिकाच्या कचेरीत हजर झाला. "उत्तम बेदरकार नाही. त्याचं काम गेलंय. झालं तसं छापा."

"अहो, आम्ही तुमचीच बाजू घेतली ना?" संपादक पंढरीनाथ म्हणाले.

"माझी बाजू नको, साहेब. खरं लिहा."

पंढरीनाथांनी वाटेला लावलं. दशरथ दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, बाकावर बसून राहिला. पाचव्या दिवशी पंढरीनाथ वैतागले. "तुम्हाला दुसरं काम नाही का?"

"कुठून असणार? हात प्लास्टरमध्ये आहे. महिनाभर रोज येऊ शकतो."

शेवटी पंढरीनाथ त्याच्याबरोबर निघाले. रेतीजवळ पोचल्यावर त्यांना एकदम भरून आलं. "थांबा, मीही डोळे मिटून चालून बघतो."

"अजिबात मिटू नका," दशरथ कडाडला. "डोळे मिटूनच तर तुम्ही बातमी लिहिलीत. आता उघडे ठेवा, आणि काय दिसतंय ते सांगा."

पंढरीनाथ ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. मग म्हणाले, "फुटपाथच दिसत नाहीये."

पुढच्या अंकात पहिल्या पानावर ढिगाचा फोटो आला. उत्तमचा दोष नसल्याचं आणि आपलं चुकल्याचं पंढरीनाथांनी स्वतःच्या नावाने लिहिलं. दशरथचं म्हणणंही शब्दन् शब्द छापलं: अंध माणूस दिसला की घंटी आवर्जून वाजवा. बिल्डरच्या जाहिरातीचं शेवटचं पान तेवढं कोरं गेलं. बेकरीवाल्याने उत्तमला परत बोलावलं. रेतीही हलली.

प्लास्टर निघाल्यावर दशरथ दुकानाला निघाला. चाळीस पावलांत मागून घंटी वाजली, मग समोरून, मग डावीकडून दोन. दूधवाले, पेपरवाले, गॅसवाले, सगळे वाजवत चालले होते. इतक्या सायकली! तेवढ्यात उत्तम आला आणि अगदी शेजारून घंटी बडवत सुटला.

"अरे पुरे!" दशरथ ओरडला. "दिसत नाही मला, ऐकू येतंय!"