तात्यांचं ताक आणि काचबिंदू

मंडळी, आत्ताच तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून घेऊन आलो. पार हात टेकलेत.

तात्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांत रोज थेंब टाकायचे होते. पण पोटातले जिवाणू चांगले असले की डोळे सुधारतात, असं त्यांनी मोबाईलवर ऐकलं आणि आम्हाला न सांगता थेंब बंद केले. लासुर्ण्यातल्या आमच्या नापीक रानात शेण-गोमूत्राचं, मातीतले जिवाणू वाढवणारं जीवामृत घालून त्यांनीच ते पिकतं केलंय. तोच न्याय पोटाला लावला. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ताक!

डॉक्टरबाई आज म्हणाल्या, "पोटाचा आणि डोळ्यांचा संबंध असेलही, अभ्यास चालू आहे. पण ताक म्हणजे थेंब नव्हे. उजव्या डोळ्याची नस सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही."

डावा तरी वाचावा म्हणून थेंब पुन्हा सुरू केलेत.

येताना गाडीत इंदापूर फाट्यापाशी तात्या म्हणाले, "आख्खं मेलेलं रान जित्तं केलं मी. मग एवढीशी नस का न्हाय व्हनार?"

तुम्ही काय सांगितलं असतं?