हिरेमठ सरांचा नॉर्मल माणूस

बाळासो पोवारांना निरोगी असण्याचा पगार मिळत नव्हता, मान मात्र भरपूर मिळत होता. आणि कोल्हापुरात मान मिळत असेल तर पगाराची चौकशी कोण करतो?

नव्वदच्या दशकात शहराबाहेरच्या माळावर एक खाजगी मेडिकल कॉलेज उभं राहिलं आणि तिथल्या कँटीनला बाळासोंच्या म्हशींचं दूध जाऊ लागलं. बाळासो तालमीत मुरलेले. पन्नाशीला टेकले तरी दंड जुन्या पैलवानांना लाजवतील असे. सोमेश हिरेमठ सर त्या कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत, म्हणजे माणसाचं शरीर आतून कसं चालतं आणि बिघडतं तेव्हा काय होतं ते. प्रात्यक्षिकासाठी त्यांना माणूस हवा होता, कारण वर्गातली पोरं एकमेकांसमोर बाही वर करायलासुद्धा लाजत. सरांनी बाळासोंना दुधाचा कॅन उतरवताना पाहिलं, हाताला धरून वर्गात नेलं आणि टेबलावर बसवून सांगितलं, "हा नॉर्मल माणूस. नीट बघून घ्या."

तेवढा एक शब्द बाळासोंना जन्मभर पुरला. ते गल्लीत परतले ते छाती चार बोटं जास्त फुगवूनच. मग कुणाला साधी शिंक आली तरी माणसं त्यांच्या घरी पुढच्या सोप्यावर सल्ला विचारायला येऊ लागली. ते सगळ्यांना दूध आणि जोर-बैठका सुचवत. वर म्हणत, "मी न्हाय सांगत, कॉलेज सांगतंय."

दर मंगळवारी पोरं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत, फुगा दाबून पारा चढवत आणि कोपराच्या खोबणीत नळी टेकवून रक्तदाब ऐकत. पहिल्या वर्षीच्या पोरांना एकशेवीस-ऐंशी ऐकू आला आणि तो खराही होता. दुसऱ्या वर्षीच्या पोरांनी उत्तर काय येतं ते आधीच्यांना विचारून घेतलं. तिसऱ्या वर्षापासून कानांची गरजच उरली नाही. पारा चढायचा, उतरायचा आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "एकशेवीस-ऐंशी, सर." सर शाब्बास म्हणायचे. पुस्तकातही तेच छापलेलं होतं, त्यामुळं शंकेला जागा नव्हती. अशी कैक पोरं बाळासोंच्या दंडावर डॉक्टर होऊन गेली.

इकडं घरात बनाबाईला, म्हणजे बाळासोंच्या बायकोला, वेगळंच दिसत होतं. नवरा सकाळी डोकं धरून उठायचा. धार काढून उभा राहताना गोठ्याच्या मेढीला, खांबाला धरायचा. एकदा नाकातून रक्त आलं, ते त्यानं उन्हाच्या नावावर खपवलं. बनाबाईच्या थोरल्या भावाला असंच डोकं दुखता दुखता अर्धांगवायूनं गाठलं होतं आणि तो दोन वर्षं खाटेवर पडून गेला होता. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"दवाखान्यात चला की," ती म्हणायची.

"अगं, दर मंगळवारी वर्गभर डॉक्टर तपासत्यात मला. तुझ्या माहेरात तरी हाईत काय एवढं?"

एवढ्या तपासणीत न सापडलेला आजार बायकोला कसा दिसतो, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

दोन हजार तीनच्या सुमाराला जयसिंगपूरची सौंदर्या नावाची पोरगी कॉलेजात आली. तिच्यात एकच खोट होती. नळी कानाला लावली की ती खरोखर ऐकायची. "एकशे नव्वद-एकशे दहा, सर," ती म्हणाली आणि वर्ग खो खो हसला.

"पुन्हा मोज," हिरेमठ सर म्हणाले. "नॉर्मल माणसाचं एवढं कसं असेल?"

तिनं पुन्हा मोजलं आणि तोच आकडा सांगितला. सरांनी तिला स्वतःचे कान तपासून घ्यायला सांगितलं. बाळासोंना तर भर वर्गात नापास झाल्यासारखं वाटलं. "पोरी, कानात मळ हाय तुझ्या," ते म्हणाले आणि सदरा चढवून तरातरा बाहेर पडले.

संध्याकाळी माफी मागायच्या निमित्तानं सौंदर्या त्यांच्या घरी गेली आणि चुलीपाशी बसून बनाबाईला खरं काय ते सांगून आली. रविवारी तिनं आपल्या थोरल्या भावाला, जयसिंगपुरात दवाखाना चालवणाऱ्या श्रीशैलला, आणलं. नवा डॉक्टर बघून बाळासोंनी सवयीनं दंड पुढं केला. श्रीशैलनं मोजून स्वच्छ सांगितलं, "मामा, तुम्हाला ब्लडप्रेशर आहे. गोळी रोज घ्यावी लागेल."

"तुमच्या घराण्यातच कान अधू हाईत," बाळासो म्हणाले आणि त्याला पोटभर दूध पाजून वाटेला लावलं.

श्रीशैलनं दारात गोळ्या बनाबाईच्या हातात दिल्या आणि समजूत काढा म्हणाला. ज्याला अख्ख्या कॉलेजानं पास केलंय त्याची समजूत बायको कशी काढणार? बनाबाईनं तो नाद सोडला. दुसऱ्या दिवसापासून ती गोळी खलबत्त्यात कुटून सकाळच्या दुधात घालू लागली, वर गुळाचा खडा.

डोकेदुखी थांबली. बाळासोंनी श्रेय काळ्या म्हशीला दिलं. पुढं एका मंगळवारी सौंदर्यानं मोजलं आणि तिला एकशे तीस-चौऱ्याऐंशी मिळालं, तेव्हा सर मोठ्या मनानं म्हणाले, "बघ, आता ऐकू यायला लागलं." बनाबाई रोज गोळी कुटत राहिली. नवरा धडधाकट आहे ना, मग बढाया मारेना का!

पण वर्षभरानं केरबा आला. तालमीतला जुना जोडीदार, त्यालाही रक्तदाब. गोळ्यांना कंटाळला होता. सोप्यावर चारचौघं बसलेली. बाळासो म्हणाले, "फेक त्या गटारात. मी खातोय काय गोळ्या? तांब्याभर दूध पितोय. बघ माझ्याकडं."

केरबानं बघितलं, पटलं आणि खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. बनाबाई दूध घेऊन उंबऱ्यात उभी होती. केरबाची बायको चिमणाबाई तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि खाटेवर पडलेला भाऊही.

"भावजी, थांबा," ती म्हणाली. "ह्यांच्या दुधात रोज गोळी असती. वरीस झालं, मी कुटून घालतोय."

बाळासोंचा चेहरा लालबुंद झाला. आता हा तांब्या आपल्या अंगावर येणार आणि उद्यापासून हा माणूस दुधाला शिवणार नाही, म्हणजे आपणच त्याला मारलं, असं बनाबाईला वाटलं. केरबा पाकीट गटारावर धरून बाळासोंच्या तोंडाकडं बघत होता. चारचौघंही बघत होती. एवढ्या वर्षांचा मान असा भर सोप्यावर मातीत गेला होता, आणि बाळासोंना पाठ टेकायची सवय नव्हती.

त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला.

"आजची घातलीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, तळाला राहिलेला गाळसुद्धा बोटानं ढवळून प्यायले आणि मिशी पुसली. मग केरबाकडं वळून म्हणाले, "बघत काय बसलाईस? गिळ की तुझी."