ताकदीचा जांभळा

आमच्या मास्तरांना उजेडाचं वेड होतं. मास्तर म्हणजे माझे यजमान. पण साऱ्या परंड्याचे मास्तर, म्हणून माझेही मास्तरच. निजामाच्या शाळेत दिवसभर उर्दूतून शिकवायचे आणि घरी आले की तेच मराठीतून माझ्या डोक्यावर. मी भाकरी थापत असले तरी विचारायचे, "जांभळ्या उजेडात ताकद जास्त, तांबड्यात कमी. आधी कोण पोचेल?"

"अंगात ताकद असेल तो."

"चूक. चाल सगळ्यांची एकच."

मला काही पटायचं नाही. ताकदवान दुबळ्याच्या चालीनं चालतो, असं जगात कुठं असतं?

एका संध्याकाळी मला नि सासूबाईंना त्यांनी घरावरच्या माळवदावर नेऊन बसवलं. चंद्राआड गेलेली एक चांदणी बाहेर आली. "रंग मागंपुढं आले असते तर आधी एकच रंग दिसला असता. कशी दिसली?"

"पांढरी," मी म्हटलं.

"म्हणजे सगळे एकदम पोचले."

सासूबाईंनी हात जोडले. "लई लांबून आले की रे. वाटंत कुणी कुणाला टाकलं न्हाय." आईचं हे वाक्य मास्तर पुढं आठवडाभर शाळेत सांगत होते.

त्यांच्याकडे काचेचा लोलक होता. त्यातून भिंतीवर रंगांचा पट्टा पाडायचे. "मोकळ्या आकाशात एक चाल. काचेत शिरले की फाटाफूट. आणि गंमत बघ, ताकदीचा जांभळाच सगळ्यांत मागं पडतो." कसली डोंबलाची गंमत, म्हणून मी चुलीकडे वळायची.

अठ्ठेचाळीस साली हत्यारबंद टोळ्या गावं जाळू लागल्या. आम्ही चार घरं मिळून निजामाच्या हद्दीपलीकडे, बार्शीला पायी निघालो. दुपारपर्यंत सासूबाईंचे पाय सुजले. बाकीचे थांबेनात. मी पोटुशी. मास्तर धडधाकट, एकटे असते तर सगळ्यांच्या आधी पोचले असते.

"तू यांच्याबरोबर हो पुढं. मी आईला घेऊन येतो."

"एका चालीनं जायचं म्हणत होता ना?" मी चिडून विचारलं.

"ते मोकळ्या आकाशात," ते म्हणाले, आणि लोलक माझ्या पदराला बांधला.

दोघंही आले नाहीत. कुणी एक सांगितलं, कुणी दुसरंच. देह मिळाले नाहीत. मला पुढं धाडल्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

लेक उन्हात लोलक धरते. भिंतीवर पट्टा पडतो, टोकाला जांभळा. मी त्यालाच म्हणत बसते, "या की आता, किती उशीर लावलात."