पंखा बंद करून

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अॅम्प्लिफायर बनवायची खोली महाराजपूरच्या आमच्या घरात मागच्या अंगाला होती. वर टिनाचं छत आणि मे महिना. आयटीआयमध्ये रेडिओचं काम शिकून मी त्या घरात सून म्हणून आले आणि मामाजींना घरबसल्या कारागीर मिळाली.

त्या वर्षी मला एका सरकारी वर्कशॉपातून नोकरीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. मामाजी म्हणाले, "काहून घाई करून राहिली? बुद्धजयंतीला विहारात आपला नवा अॅम्प्लिफायर लागणार आहे. तो एकदा नीट वाजू दे, मग खुशाल जा." बुद्धजयंती मुदतीच्या आदल्याच दिवशी होती. नवऱ्यानं मान डोलावली. त्याला दुसरं येतच काय होतं!

अॅम्प्लिफायर मात्र हट्टाला पेटला होता. करंट कमी ठेवला की हळू बोललेलं फाटायचं. वाढवला की आवाज स्वच्छ, पण ट्रान्झिस्टर तापायचे; तापले की आणखी करंट ओढायचे आणि आणखी तापायचे. अर्ध्या तासात जळका वास. मामाजींचा उपाय एकच, टेबलफॅन. "पंख्यासमोर वाजतो ना? झालं तर!" विहारात काय मी पंखा धरून उभी राहू?

मी पंखा बंद केला. वारा लागला तर खोट दिसणार नाही म्हणून खिडकी लावली, शेजारी ओरडतात म्हणून दारही लावलं. रोज दुपारी त्या भट्टीत मी आणि ते धूड. मीटरवर घामाचे थेंब पडायचे. बाहेरून सासूबाई विचारायच्या, "अच्छा, अजून नाही झालं?" एकदा तर तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडले. ह्या डब्याच्या पायी माझी नोकरी जाते की काय!

शेवटी सापडलं. गरमी वाढली की करंट आपोआप कमी करणारा एक डायोड असतो. मामाजींनी तो सुबक दिसावा म्हणून कोपऱ्यात बसवला होता, तापणाऱ्या ट्रान्झिस्टरपासून वीतभर लांब. त्याला ताप कळणार कसा, कप्पाळ! मी तो काढून ट्रान्झिस्टरखालच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला घट्ट चिकटवला. पंख्याशिवाय दोन तास वाजवला, मीटरचा काटा हलला नाही. चलो, सुटले एकदाची, असं मी मोठ्यानं म्हटलं.

बुद्धजयंतीच्या संध्याकाळी मैदान भरलं. वंदना झाली, भाषणं झाली, मशीननं हूं की चूं केलं नाही. मी बायकांत बसले होते, पत्र पर्समध्ये होतं. सगळ्यांत शेवटी मामाजींनी माइक घेतला.

"हे मशीन माझ्या सुनेनं सुधारलं. तिला नोकरी लागली होती, पण मी परवाच पोस्टानं नाही म्हणून कळवलं. आता अशी मशीनं ती घरीच बनवणार. ज्याला पाहिजे त्यानं सांगा."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनं माझी पाठ थोपटली. जळ मेल्या, आत्ता जळ, असं मी मनातून त्या मशीनला म्हणत होते. मामाजी अगदी हळू बोलत होते. आधी आवाज फाटायचा तो अशा हळू बोलण्यावरच. मैदानाच्या टोकापर्यंत त्यांचं एकेक अक्षर स्वच्छ पोचलं.