क्रूझवरून उतरून पायी पिनांग

मलेशियातल्या पिनांग बंदराला आमची बोट लागली तेव्हा सकाळचीच वेळ होती, पण ओढणी घामाने मानेला चिकटली होती. एका हातात बाबागाडी, दुसऱ्या हातात गौरीचं मनगट… आणि पुढे झपाझप चालणारी ह्यांची पाठ. २००६ सालची गोष्ट.

आमचं पिंपळगाव बसवंतला ठिबकच्या पाइपांचं दुकान. त्या वर्षी कंपनीने चांगला धंदा केलेल्या डीलर्सना सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. हे म्हणाले, "पोरांना घेऊन सगळेच जाऊ, परत कधी जाणं होतंय?" गौरी तेव्हा चार वर्षांची, ओम दीड.

ओमला दाढा येत होत्या. घरी तो रात्र रात्र रडायचा, आणि बोटीवरच्या बिनखिडकीच्या खोलीत तर रात्र कुठली आणि दिवस कुठला तेच कळेना. पण सांगणार कोणाला? निघताना शेजारणी म्हणाल्या होत्या, "नशीबवान आहेस बाई." फॉरेनला जाऊन दमले म्हटलं असतं तर लोक हसले असते… म्हणून मी फोटोत हसत होते.

पिनांगला बाकीची मंडळी बसने देऊळ आणि टेकडी बघायला गेली. गौरीला बस लागते, मुंबईला जाताना घोटी यायच्या आत उलटी ठरलेली. हे म्हणाले, "गाव समोरच तर आहे. चालत फिरू. चारच्या आत बोटीवर यायचं, बस." हे दिवसभर लोकांच्या द्राक्षबागांतून फिरणारे… त्यांना समोर म्हणजे खरंच समोर वाटतं.

तिथे जुन्या दुकानांपुढे ओळीने पडव्या आहेत, त्यांच्याखालून चालायचं. सावली छान, पण प्रत्येकाने आपला ओटा आपल्या मनाने बांधलेला. एक वर, एक खाली, मध्येच पायरी, कडेला उघडं गटार… दर दुकानाला बाबागाडी उचला, ठेवा, परत उचला.

एका ठिकाणी पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि निखळून हातातच आलं. ह्यांनी ओमला खांद्यावर घेतलं, मी मोडकी गाडी घडी करून काखेत मारली. "अहो, जरा सावकाश चला की." "अगं, असं थांबत बसलो तर काहीच बघून व्हायचं नाही."

मग गौरी रस्त्यातच बसली. नव्या सँडलने टाचांना फोड आले होते. "मला घरी जायचंय."

"चल, बोटीवर जाऊ."

"बोटीवर नाही… पिंपळगावला!" आणि तिने भोकाड पसरलं. तिचं बघून ओमने. आणि मग मलाही रडू फुटलं… भर रस्त्यात, परक्या देशात. हे बिचारे हातातला नकाशा नुसता उलटासुलटा करत राहिले.

ती तमिळ लोकांची वस्ती होती. समोरच्या फुलांच्या दुकानात साठीच्या एक बाई गजरे ओवत बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि त्यांनी गौरीचा हात धरला. मी पटकन तिला मागे ओढलं… अनोळखी गाव, अनोळखी माणूस. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "कम. बेबी स्लीप."

दुकानात टोपल्यांच्या मागे एक चटई होती, बाजूला टेबलफॅन. ओल्या मोगऱ्याचा गारवा. ओमला टेकवलं आणि तो चक्क गप्प झाला. मग बाईंनी माझ्याकडे बघून हाताने चटई थोपटली. "मदर ऑल्सो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "पड पाच मिनिटं," हे म्हणाले.

जाग आली तेव्हा फॅन माझ्याकडे वळवलेला होता आणि अंगावर कोणाची तरी सुती साडी. गौरी टाचांना खोबरेल चोपडून बाईंच्या शेजारी कळ्या निवडत होती. हे ओमला मांडीवर घेऊन केळं भरवत होते. मी घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते!

"अहो, उठवायचं नाही का? बोट सुटेल ना!"

"दोनदा आलो उठवायला. त्यांनी येऊच दिलं नाही. नो नो म्हणाल्या, आणि…" ह्यांनी ओमचं तोंड पुसलं. "आणि आपल्या डोळ्यांखाली असं बोट फिरवून तुझ्याकडे दाखवलं. तेव्हा मी नीट बघितलं. केवढी काळी वर्तुळं गं… मी रोज तर बघतो तुला."

मी अंगावरच्या साडीची घडी घातली.

बाईंनी माझ्या केसात गजरा माळला आणि एक तीनचाकी सायकलरिक्षा थांबवून दिली. मी वाकून नमस्कार केला तर हसून डोक्यावर हात ठेवला. आम्ही बोटीवर चढलो आणि थोड्याच वेळात भोंगा झाला.

संध्याकाळी चहाला सगळे जमले. देवळाच्या पायऱ्या, टेकडीवरची गार हवा, फोटो… येवल्याचे एक डीलर ह्यांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही काय पाहिलं पिनांगमध्ये?"

"आमची मंडळी झोपलेली पाहिली."

सगळे खो खो हसले. हे मात्र हसले नाहीत. मीही नाही.

घरी आल्यावर ओम पहाटे उठला की हे त्याला कडेवर घेऊन दुकानाकडे चक्कर मारायचे. मला तासभर झोप मिळायची. त्याने थकवा गेला असं नाही… लेकरं लहान असताना तो जातच नाही. पण मी दमलेय हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक आहे, एवढ्या आधारावर ती वर्षं निघाली.