बुधवारचं मुसळ

मीनल, जरा जवळ सरक बाई, लांबून मला नीट रागावता येत नाही. सहावा महिना चालू आहे तुला, आणि सासूबाईंनी दाखवलेला एक व्हिडिओ बघून तू येत्या ग्रहणात अन्नपाण्यावाचून बसणार? म्हणे ग्रहण लागलं की परातीतल्या पाण्यात मुसळ उभं राहतं, सुटलं की पडतं. मग बाकीचंही खरंच असणार!

व्हिडिओ मीही बघितला. माळ्यावरचं मुसळ काढलं, परातीत पाणी घेतलं आणि काल बुधवारी, कसलंच ग्रहण नसताना, स्वयंपाकघरात फतकल मारून बसले. तीनदा पडलं. पण तुझी मावशी उठते कसली! चौथ्यांदा हळूच हात सोडला, तर उभं! शेजारच्या कुसुमवहिनी दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, आज कुठलं ग्रहण?"

म्हटलं, "आमच्या आमटीला लागलंय. अजून फोडणी पडली नाही."

बूड सपाट, म्हणून उभं राहतं बिचारं. एरवी त्याला कोणी उभं करूनच बघत नाही. मला वाटतं, बरेचसे चमत्कार असेच टिकतात. आपण ठरल्या दिवशीच त्यांच्याकडे बघतो. उरलेलं वर्ष ते माळ्यावर आडवे असतात.

तुझ्या सासूबाईंशी मी भांडणार नाही. पण मुसळ अजून तसंच उभं ठेवलंय, त्याला वळसा घालून पोळ्या लाटतेय. ग्रहणाआधी त्यांना घेऊन ये. त्यांच्याच हातानं उभं करू, आणि मग तिघी पोटभर जेवू.