इस्त्रीबाई आणि न्यायाधीशाचं तोंड

कंपनीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. कपड्यांमुळे नव्हे, कपडे तिचे चुरगळलेलेच असत. पण ती घडवायची त्या माणसांच्या अंगावर तिच्या परवानगीशिवाय एक सुरकुती पडत नसे. कंपनी गेम बनवायची, आणि गेममधली पात्रं पेन-टॅब्लेटनं पडद्यावरच मातीसारखी दाबून-ओढून उभी करणं हे तिचं काम. त्याआधी अकरा वर्षं तिनं एका डेंटिस्टकडे कवळ्या केल्या होत्या. केसाएवढी चूक राहिली तरी म्हातारी माणसं हिरड्या सोलून घेऊन परत येतात, हे तिनं पाहिलं होतं. म्हणून ढिसाळ कामाची तिला किळस होती, आणि ती लपवायचे कष्ट ती घेत नसे.

"हे पात्र आहे की मळून विसरलेली कणीक?" शेजारच्या टेबलाकडे बघून ती विचारायची. उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

अशात नवे कलाप्रमुख आले. बंद खोलीतही गळ्यात मफलर, आणि तोंडात एकच पालुपद: मोकळं करा. हात मोकळा सोडा. कामात कलाकार दिसू दे. तिसऱ्या दिवशी इस्त्रीबाईनं त्यांचं नाव मोकळेराव ठेवलं, आणि संध्याकाळच्या आत ते कॉफीच्या मशीनपर्यंत पोचलं.

मोकळेरावांचा मोकळेपणा विकतचा होता. त्यांच्याकडे एक तयार ब्रश होता. तो फिरवला की गुळगुळीत गालावर ओल्या मातीत उमटावेत तसे बोटांचे ठसे उमटत. इस्त्रीबाईनं एकदा नीट निरखून पाहिलं. चेटकिणीच्या नाकावर, घोड्याच्या पुठ्ठ्यावर, राजपुत्राच्या हनुवटीवर एकच अंगठा. तीच रेघ, तोच तुटका कोपरा.

"या माणसाला बोटंसुद्धा स्वतःची वापरवत नाहीत," ती रंगवालीला म्हणाली. रंगवाली म्हणजे तिच्या शेजारी बसून पात्रांना रंग देणारी मुलगी, कंपनीत तिचं बोलणं हसून घेणारी एकटीच.

मग इस्त्रीबाईकडे न्यायाधीश आला. गेममधला हा माणूस कुणाचंही ऐकून न घेता शिक्षा ठोठावतो. तिनं त्याच्यावर दोन आठवडे घातले. नाकावरची छिद्रं, पापणीचे केस, अंगठ्याचं चिरलेलं नख, सगळं जागच्या जागी. नऊ माणसांच्या बैठकीत मोकळेरावांनी तो पडद्यावर गरगर फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, मेणाचा पुतळा झालाय. जीव कुठंय?"

एवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पण त्यांनी तिचंच पेन उचललं आणि न्यायाधीशाच्या कपाळावर सात-आठ अंगठे उठवले. "बघा. आला ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्या त्या सात जणांबद्दल तिला वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी तिनं नवऱ्याला मूळचं काम दाखवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कलेतलं त्याला काही कळत नाही असं दोघांनीही कधीच मान्य करून टाकलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला.

"छान आहे गं," तो म्हणाला. "पण हा कधी कुणावर खेकसला असेल असं वाटत नाही. नुकताच दाढी करून आलेला दिसतो."

"तुला काय कळतंय!" ती फणकारली. पण ताट बाजूला सारून पुन्हा पडद्याकडे बघत बसली. त्या मफलरवाल्या मूर्खाला औषध ठाऊक नव्हतं, पण रोग त्यानं बरोबर ओळखला होता. मूर्ख माणूस बरोबर ठरावा, यापेक्षा मोठा अपमान तिला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळेरावांनी मोकळेपणावर तासभर भाषण दिलं. रंगवालीनं मधेच काही विचारलं. ते डोळे अर्धे मिटून, उत्तर आधीच ठरवून ऐकत राहिले. इस्त्रीबाईच्या मांडीवर टॅब्लेट होता. तिनं पडद्यावर एक कोरा गोळा घेतला. डावं-उजवं सारखं ठेवणारी सोय बंद केली आणि सगळ्यात मोठ्या ब्रशनं तो दाबायला सुरुवात केली. गळ्याची लोंबती घडी एका फटक्यात. एक पापणी दुसरीपेक्षा खाली. खालचा ओठ पुढे, चव बघितल्यासारखा. कान करायचा कंटाळा आला म्हणून नुसता चिमटा काढला.

रंगवालीनं वाकून पाहिलं आणि खोकल्याचं सोंग करत बाहेर पळाली.

वीस मिनिटांत झालं होतं ते. कुठंही एक छिद्र नव्हतं, तरी तो माणूस आता "मोकळं करा" म्हणेल असं वाटत होतं. आणि तो कान! नसलेला कान दिसत होता. इतकी वर्षं आपण कान कोरत बसलो, तिला वाटलं, आणि ऐकणारा किंवा न ऐकणारा माणूस एकदाही केला नाही.

त्यानंतर दोन महिने ती रोज जेवणाच्या सुट्टीत एक डोकं करायची. घड्याळ लावून वीस मिनिटं, तीन ब्रश, जवळ जाऊन बघायचं नाही, केलेलं मागे घ्यायचं नाही. बहुतेक डोकी भिकार निघत आणि ती तिथल्या तिथे पुसून टाकी. सासूबाई पहिल्याच फटक्यात जमल्या. नवरा मात्र पाच वेळा केला तरी साबणाच्या वडीसारखा येई.

"म्हणजे माझ्यावर अजून तुझा राग नाही," तो खूश होऊन म्हणाला.

"तसं काही नाही. तुझ्याकडे नीट बघितलंच नाहीये," ती म्हणाली. हे तिलाही बोलताना नवीन होतं.

न्यायाधीश तिनं मोडून चार दिवसांत पुन्हा केला. अंगरखा चार ढोबळ घड्यांत संपवला, मानेचे फटके तसेच ठेवले. बारीक काम फक्त ओठांच्या कोपऱ्यात, जिथे नजर थांबायला हवी होती तिथे. बैठकीत पडद्यावर तो आला. मग कुणाला तरी हसू आवरेना. मोकळेरावांचा खालचा ओठ पुढे आला होता.

"ओळखीचा वाटतो," ते म्हणाले. त्यांना कळलं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सवयीनं त्यांनी पेनकडे हात नेला.

"सर, याला अंगठा नको," इस्त्रीबाई म्हणाली. "याला सही करता येते."

हात मागे गेला. न्यायाधीश तसाच मंजूर झाला, कारण गेमच्या निर्मात्याला तो फार आवडला होता. वर्षअखेरीस एका परिषदेत मोकळेरावांनी तोच पडद्यावर दाखवून "आमची पद्धत" समजावून सांगितली. रंगवाली चिडून लाल झाली, तक्रार कर म्हणाली.

"कुणाकडे? कशाला?" इस्त्रीबाईनं विचारलं. "लोकांना तो स्वतःचं तोंड दाखवत फिरतोय. फिरू दे."

आणि घड्याळ लावून ती त्या दिवशीच्या डोक्याकडे वळली.